विमा आयुक्त मतपेटीतून का येऊ नये

कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, खजिनदार अशी पदं ओलांडत खाली गेलं की विमा आयुक्ताचं पद येतं. तिथे पोचेपर्यंत मतदाराचा उत्साह ओसरलेला असतो. बहुतेक जण पक्ष बघून खूण करतात आणि पान उलटतात. पण घराला विमा मिळणार का, मिळाला तर हप्ता किती बसणार, आणि घर जळाल्यावर कंपनीने भरपाई अडवून धरली तर दाद कुणाकडे मागायची, हे पुष्कळ अंशी त्याच पदावरच्या माणसाच्या हातात असतं. मे २०२३ मध्ये स्टेट फार्म या राज्यातल्या सर्वात मोठ्या घरविमा कंपनीने नव्या पॉलिसी देणं थांबवलं, तेव्हा कुठे अनेकांना या पदाची आठवण झाली. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात डोंगराच्या अंगाला घर घेतलेल्या मराठी कुटुंबांतही ‘तुमचं रिन्यू झालं का?’ हा प्रश्न शाळा आणि व्हिसाच्या प्रश्नांइतकाच नेहमीचा होऊन बसला.

हा अधिकारी निवडावा कसा, यावर अमेरिकेत दीड शतकापेक्षा जास्त काळ वाद चालू आहे. माझं मत आधीच सांगतो. विमा आयुक्त निवडणुकीने येऊ नये. पण गव्हर्नरने मनाला येईल त्याला नेमावं आणि मनाला येईल तेव्हा काढावं, ही बहुतेक राज्यांतली रीतही मला मान्य नाही.

भारतातल्या वाचकाला आधी हे सांगायला हवं की अमेरिकेत सगळ्या देशाचा मिळून एक विमा नियामक नाही. आपल्याकडे हैदराबादच्या आयआरडीएआयचा नियम गडचिरोलीपासून गोव्यापर्यंत एकच. तिकडे प्रत्येक राज्याचं स्वतंत्र खातं. न्यू हॅम्पशायरने १८५१ साली पहिला विमा आयुक्त नेमला. १८६९ मध्ये पॉल विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की विम्याची पॉलिसी विकणं हा आंतरराज्य व्यापार नव्हे, आणि कारभार राज्यांकडेच राहिला. १९४४ मध्ये न्यायालयाने हे मत फिरवलं, तेव्हा राज्यं आणि कंपन्या दोघीही हादरल्या. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून विमा पुन्हा राज्यांच्या पदरात टाकला. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने राजधानी वॉशिंग्टनमध्ये एक फेडरल विमा कार्यालय निघालं खरं, पण त्याचं काम मुख्यतः माहिती गोळा करण्याचं आणि सल्ला देण्याचं. दर मंजूर करण्याचा किंवा कंपनीला टाळं ठोकण्याचा अधिकार त्याला नाही.

म्हणजे अधिकार राज्यांचे, आणि ते ज्याच्या हातात एकवटले आहेत तो आयुक्त. कॅलिफोर्निया, जॉर्जिया, लुइझियाना, नॉर्थ कॅरोलिना, मिसिसिपी, कॅन्सस, वॉशिंग्टन, ओक्लाहोमा, मोंटाना, नॉर्थ डकोटा आणि डेलावेअर या अकरा राज्यांत तो लोक निवडतात. बाकी बहुतेक ठिकाणी गव्हर्नर नेमतो.

त्याच्या कामाची यादी मोठी आहे: एजंटांचे परवाने, पॉलिसीतली भाषा, तक्रारी, बुडू लागलेल्या कंपनीचा ताबा. पण गाभ्याची कामं दोन आहेत आणि ती एकमेकांना उलट्या दिशेला ओढतात. कंपनीने लोकांना नाडू नये म्हणून हप्ता आवाक्यात ठेवायचा. आणि मोठं संकट कोसळलं की सगळे दावे फेडता यावेत म्हणून कंपनीकडे पुरेसा राखीव पैसा आहे ना, हेही बघायचं. आज हप्ता फार कमी राहिला तर उद्या दावा बुडतो, किंवा कंपनी राज्य सोडून जाते. हप्ता वाढला की तो मतदाराला त्याच महिन्यात दिसतो. कंपनीची गंगाजळी आटते आहे, हे त्याला कधीच दिसत नाही. चार वर्षांनी पुन्हा मतं मागायला जायचं असलेल्या माणसाला यातलं कुठलं काम आधी सुचेल, हे सांगायला अभ्यास लागत नाही.

कॅलिफोर्नियात नेमकं हेच घडलं असं मी म्हणतो. तिथे हे पद निवडणुकीचं झालं ते नोव्हेंबर १९८८ च्या प्रपोझिशन १०३ मुळे, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेल्या कायद्यामुळे. वाहनविम्याच्या हप्त्यांनी गांजलेल्या लोकांनी विमा उद्योगाच्या अवाढव्य जाहिरातखर्चाला न जुमानता निसटत्या बहुमताने ते मंजूर केलं. हार्वे रोझेनफील्ड या कार्यकर्त्याने ते लिहिलं होतं आणि ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर त्याच्या पाठीशी होते. दर २० टक्के खाली आणा, यापुढे आयुक्ताच्या पूर्वपरवानगीशिवाय दर वाढवू नका, आणि आयुक्त लोकांनी निवडा, अशा त्यातल्या ठळक गोष्टी. आणखी एक होती, तिच्याकडे मी पुढे येईन: दरवाढीच्या कुठल्याही अर्जाला सामान्य नागरिक किंवा ग्राहक संघटना हरकत घेऊ शकते आणि त्या कामाचा खर्च वसूल करू शकते. कंपनीने ७ टक्क्यांहून जास्त वाढ मागितली आणि कुणी हरकत घेतली, तर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते.

परिणाम असा झाला की कंपन्या ६.९ टक्क्यांचे अर्ज करू लागल्या. वर्षानुवर्षं. जोखीम खरोखर वाढत होती. २०१७ आणि २०१८ च्या वणव्यांनी तर आधीच्या कित्येक वर्षांचा नफा धुऊन नेला. पण मोठी वाढ मागून सुनावणीत अडकण्यापेक्षा थोडी मागायची आणि धोक्याच्या भागातली घरं हळूहळू सोडून द्यायची, हा कंपन्यांना सोपा रस्ता वाटला. आयुक्तालाही तो गैरसोयीचा नव्हता, कारण मोठ्या दरवाढीवर सही करायची वेळच त्याच्यावर येत नव्हती. भविष्यातल्या वणव्यांचा अंदाज बांधणारी संगणकी प्रतिमानं आणि पुनर्विम्याचा (विमा कंपन्या स्वतःसाठी घेतात त्या विम्याचा) खर्च दरात धरायला परवानगी देणारे नियम पक्के झाले ते डिसेंबर २०२४ मध्ये. ७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिस परिसरातलं पॅलिसेड्स आणि अल्टाडीना पेटलं. सोळा हजारांहून जास्त इमारती गेल्या. ज्यांना कुणी विमा देत नाही त्यांच्यासाठीची शेवटची सोय म्हणजे फेअर प्लॅन. त्याचे पैसे संपत आले आणि फेब्रुवारीत त्याला राज्यातल्या विमा कंपन्यांकडून १ अब्ज डॉलर्स उभे करावे लागले. त्यातला अर्धा भाग कंपन्या आपल्या सगळ्या ग्राहकांवर टाकू शकतात, म्हणजे ज्यांची घरं वणव्यापासून कोसो दूर आहेत त्यांच्यावरही.

यात तेव्हाचे आयुक्त रिकार्डो लारा यांना एकट्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. निदान त्यांनी तो विषय हातात घेतला. त्यांच्या आधीचे आयुक्तही याच व्यवस्थेत बसले होते आणि तिने त्यांना थांबण्याचंच बक्षीस दिलं.

निवडणुकीचा याहून मोठा दोष पैशाचा आहे. विमा आयुक्ताच्या निवडणुकीला पैसे कोण देणार? मतदाराला उमेदवाराचं नाव माहीत नाही, वर्तमानपत्रांना रस नाही. ज्याचा धंदा त्या खुर्चीवर अवलंबून आहे, त्यालाच रस असतो. लुइझियानाचा इतिहास याबाबतीत काळवंडलेला आहे. शर्मन बर्नार्ड, डग ग्रीन आणि जिम ब्राउन असे लागोपाठ तीन निर्वाचित आयुक्त तुरुंगात गेले. ब्राउन यांची शिक्षा एफबीआयशी खोटं बोलल्याबद्दल होती, तिची प्रतवारी वेगळी. पण ग्रीन यांचं प्रकरण प्रत्येक मतदाराने वाचावं असं आहे. चॅम्पियन नावाच्या स्वस्त वाहनविमा विकणाऱ्या कंपनीच्या मालकांनी त्यांच्या प्रचारात सुमारे २० लाख डॉलर्स ओतले. ग्रीन निवडून आले, डळमळत्या कंपनीवर कारवाई टळत राहिली, आणि १९८९ मध्ये ती बुडाली तेव्हा अपघातांचे दावे घेऊन बसलेली माणसं उघडी पडली. ती माणसं कोण होती? ज्यांना स्वस्तातलाच विमा परवडत होता, ती.

कॅलिफोर्नियाने लाच न घेताही हेच करून दाखवलं. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर कंपन्यांनी दावे कसे हाताळले याची खात्याने तपासणी केली आणि गैरप्रकार सापडले. आयुक्त चक क्वॅकेनबुश यांनी मोठे दंड लावण्याऐवजी कंपन्यांशी तडजोडी केल्या. कंपन्यांनी सुमारे सव्वा कोटी डॉलर्स काही नव्याने काढलेल्या संस्थांना द्यायचे, असं ठरलं. त्या पैशातून दूरचित्रवाणीवर जाहिराती निघाल्या आणि त्यांत झळकले स्वतः आयुक्त. भूकंपग्रस्तांच्या हाती त्यातलं काही पडलं नाही. खात्यातल्याच एका वकील बाईंनी कागदपत्रं विधिमंडळापर्यंत पोचवली म्हणून हे उघडकीला आलं, आणि महाभियोग समोर दिसू लागल्यावर २००० च्या उन्हाळ्यात क्वॅकेनबुश यांनी राजीनामा दिला. पुढची निवडणूक जिंकायला चेहरा लोकांसमोर राहावा लागतो. दंडाचा पैसा त्या चेहऱ्यासाठी वापरला गेला.

याच्या विरुद्ध बाजूने नॉर्थ कॅरोलिनाचं उदाहरण दिलं जातं. ग्रेग लिंडबर्ग या धनाढ्य विमा उद्योजकाला आपल्या कंपनीवर कडक नजर ठेवणारी खात्यातली उपायुक्त बदलून हवी होती. त्याने निर्वाचित आयुक्त माइक कॉझी यांच्यापुढे पैशाचा प्रस्ताव ठेवला. कॉझी सरळ एफबीआयकडे गेले आणि पुढची सगळी बोलणी ध्वनिमुद्रित करून दिली. लिंडबर्गला २०२० मध्ये दोषी ठरवलं गेलं, अपिलात तो निकाल रद्द झाला, आणि २०२४ मध्ये फेरखटल्यात तो पुन्हा दोषी ठरला. निर्वाचित माणूस प्रामाणिक असू शकतो, याचा हा पुरावाच आहे, आणि कॉझींबद्दल मला आदर वाटतो. पण प्रस्तावात देऊ केलेला पैसा कुठल्या नावाने येणार होता ते बघा. पुढच्या निवडणुकीसाठी देणगी! निवडणूकच नसती तर लाच लपवायला इतकी सोयीची, इतकी कायदेशीर दिसणारी जागा लिंडबर्गला कुठे मिळाली असती?

आता प्रतिपक्षाचं सगळ्यात भक्कम म्हणणं घेतो, कारण ते मला सहज मोडता आलेलं नाही. मिसिसिपीत जॉर्ज डेल १९७६ पासून विमा आयुक्त होते. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळ आलं. किनाऱ्यावरच्या हजारो घरमालकांना कंपन्यांनी सांगितलं की तुमचं घर वाऱ्याने नाही, पुराच्या पाण्याने गेलं आणि पूर आमच्या पॉलिसीत बसत नाही. डेल कंपन्यांच्या बाजूने झुकतात अशी लोकांची भावना झाली, आणि २००७ मध्ये स्वतःच्याच पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत लोकांनी तीन दशकं बसलेल्या माणसाला घरी पाठवलं. गव्हर्नरने नेमलेला आयुक्त असता तर किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात काय होतं? कॅन्ससमध्ये कॅथलीन सिबेलियस १९९५ मध्ये आयुक्त झाल्या त्या विमा उद्योगाकडून एक पैसाही घेणार नाही असं सांगून. अँथम ही बडी कंपनी कॅन्ससची ब्लू क्रॉस ब्लू शील्ड ही आरोग्यविमा कंपनी विकत घ्यायला निघाली, तेव्हा लोकांचे हप्ते वाढतील म्हणून त्यांनी २००२ मध्ये तो व्यवहार नाकारला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. नाही म्हणायची ती ताकद लोकांच्या मतांतून आली होती, असं कुणी म्हटलं तर मी मान्य करीन.

नेमणुकीचा इतिहासही काही स्वच्छ नाही. मॅसॅच्युसेट्सचे एलायझर राइट यांचं उदाहरण जुनं आहे, पण ते मला फार जवळचं वाटतं. गुलामगिरीविरुद्ध लढलेले हे गणिती गृहस्थ १८४४ मध्ये लंडनला गेले होते. तिथे त्यांनी पाहिलं की हप्ते भरणं आता झेपत नाही म्हणून म्हातारी माणसं आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी लिलावात विकायला उभी आहेत, आणि ते म्हातारे लवकर मरतील या हिशेबाने सट्टेबाज बोली लावताहेत. घरी येऊन राइट यांनी वर्षानुवर्षं आकडेमोड केली, कंपन्यांनी किती पैसा राखून ठेवायला हवा याची कोष्टकं बनवली, आणि १८५८ मध्ये विमा आयुक्त झाले. हप्ता थांबला तरी आधी भरलेलं सगळं जप्त करता येणार नाही, हा १८६१ चा कायदा त्यांच्यामुळे आला. आज एलआयसीच्या पॉलिसीवर सरेंडर व्हॅल्यू मिळते, त्या विचाराचा एक उगम तिथे आहे. कंपन्यांना हा माणूस खुपला आणि १८६० च्या दशकातच त्यांनी दबाव आणून त्याला पदावरून घालवलं. त्याला नेमणाऱ्यांना पटवलं की काम झालं. लाखो मतदारांना पटवावं लागलं नाही.

अलीकडचं उदाहरण फ्लोरिडाचं. तिथे पूर्वी हे पद निर्वाचित होतं; १९९८ च्या घटनादुरुस्तीने ते २००३ पासून नेमणुकीचं झालं. गव्हर्नर आणि राज्याचं मंत्रिमंडळ मिळून आयुक्त नेमतात. तिथल्या घरविमा कंपन्या तोट्याची ओरड करत असताना त्यांच्याच भगिनी कंपन्यांकडे आणि गुंतवणूकदारांकडे भरपूर पैसा वळत होता, असं सांगणारा अहवाल खात्याने स्वतः करून घेतला होता. तो लोकांना कळला २०२५ मध्ये, एका वर्तमानपत्राने माहिती मागून मागून बाहेर काढल्यावर. मधल्या काळात विधिमंडळाने कंपन्यांवर दावे लावणं ग्राहकाला अवघड करणारे कायदे करूनही टाकले होते. त्या आमदारांसमोर तो अहवाल तेव्हाच यायला हवा होता. नेमलेला अधिकारी राजकारणापासून दूर असतो, असं जे कुणी शांतपणे सांगतं, त्याने आधी फ्लोरिडाला जाऊन यावं.

इलिनॉयमध्ये तर नेमणूक असो की निवडणूक, काही फरक पडला नसता. २०२५ मध्ये स्टेट फार्मने घरविम्याचे दर तिथे सरासरी २७.२ टक्क्यांनी वाढवले, गव्हर्नर संतापले, पण दर रोखण्याचा अधिकारच राज्याच्या विमा खात्याला नव्हता.

तरीही मी निवडणुकीच्या विरोधात का, हे आता सांगता येईल. मिसिसिपी आणि कॅन्ससमधून जे चांगलं निघालं, त्याला निवडणूक लागतेच असं नाही. लोकांना हवी असते ती दखल: आपली बाजू मांडायची जागा, आणि फाइलीत काय आहे ते बघायचा हक्क. डेल यांना हाकलायला लोकांना दोन वर्षं थांबावं लागलं, आणि त्या दोन वर्षांत कित्येकांनी मिळेल त्या पैशावर तडजोड करून टाकली होती. याउलट प्रपोझिशन १०३ मधला हरकतीचा हक्क दर अर्जाच्या वेळी वापरता येतो. ग्राहक संघटना आपला गणिती आणते, कंपनीचे आकडे उलटे तपासते, आणि बऱ्याचदा वाढ खाली येते. कंपन्या म्हणतात याने उशीर होतो, आणि त्यात तथ्य आहे. त्याला मुदत घाला. पण हा हक्क काढून निवडणूक ठेवणं म्हणजे लोकांकडून रोजचं साधन घेऊन चार वर्षांतून एकदाचं देणं.

माणूस निवडण्यासाठी मला न्यू मेक्सिकोची दिशा बरी वाटते. तिथे २०१२ मध्ये मतदारांनीच घटनादुरुस्ती करून विम्याचं काम निर्वाचित आयोगाकडून काढून घेतलं. आता विमा अधीक्षकाची नेमणूक एक नामनिर्देशन समिती करते, आणि त्या समितीचे सदस्य निवडताना गव्हर्नर आणि विधिमंडळ दोघांचाही हात असतो. एका माणसाच्या मर्जीवर खुर्ची टिकत नाही. मी त्यात तीन गोष्टी आणखी मागतो. मुदत सहा वर्षांची आणि एकदाच, म्हणजे पुन्हा नेमणुकीसाठी कुणाची मर्जी राखावी लागणार नाही. समितीच्या मुलाखती जाहीर. आणि पद सोडल्यावर निदान दोन वर्षं कुठल्याही विमा कंपनीत, तिच्या वकिली संस्थेत किंवा लॉबिंग फर्ममध्ये जायचं नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आजचा नियामक उद्या ज्यांच्याकडे नोकरी मागणार आहे, त्यांच्या अर्जावर तो आज सही करत असतो, आणि हे निर्वाचितांना आणि नेमलेल्यांना सारखंच लागू आहे.

याबाबतीत आपला १९९९ चा आयआरडीए कायदा पुढे आहे. अध्यक्ष आणि पूर्णवेळ सदस्यांना निवृत्तीनंतर दोन वर्षं केंद्राच्या परवानगीशिवाय विमा कंपनीत जाता येत नाही. पण निवड कशी होते ते बघा. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची शोधसमिती नाव सुचवते, मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती शिक्का मारते, आणि त्या खोलीत काय बोलणं झालं ते पॉलिसीधारकाला कधी कळत नाही. मार्च २०२५ मध्ये देबाशिष पांडा यांची मुदत संपली आणि अजय सेठ यांनी सूत्रं घेतली सप्टेंबरमध्ये. आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरून देशभर ओरड चालू असताना इतके महिने ती खुर्ची रिकामी होती. समितीने नेमणं पुरेसं नसतं. ती समिती उजेडात बसायला हवी, आणि तिला तारीख बांधून द्यायला हवी.

कॅलिफोर्नियात हा बदल विधिमंडळ एकटं करू शकणार नाही. प्रपोझिशन १०३ मध्ये लिहिलं आहे की त्याच्या उद्देशांना पुढे नेणारी दुरुस्तीच विधिमंडळाला करता येईल, तीही दोनतृतीयांश बहुमताने. निवडणूक काढायची तर मतदारांकडेच जावं लागेल, आणि आपल्या हातातलं एक मत सोडून द्या असं मतदाराला सांगणं सोपं नाही. ज्याने हे मागायचं त्याने हरकतीच्या हक्काला धक्का लागणार नाही याची हमी त्याच प्रस्तावात लिहून द्यायला हवी, नाहीतर त्याच्यामागे कंपन्याच आहेत असं लोक समजतील, आणि तसं समजण्यात त्यांचं काही चुकणार नाही. लारा यांच्या दोन मुदती पूर्ण होत असल्यामुळे नोव्हेंबर २०२६ ची निवडणूक नव्या माणसासाठी आहे. त्या उमेदवारांना विचारावं असं एवढंच: विमा कंपन्या, त्यांचे वकील आणि एजंटांच्या संघटना यांच्याकडून प्रचाराला पैसे घेणार का, आणि पद सोडल्यावर पहिली दोन वर्षं कुठे काम करणार नाही हे आजच सही करून देणार का.